चिनी मठाच्या जीर्णोद्धारामागचं राजकारण कसं वाचायचं: मिंग आणि छिंग काळासाठी मार्गदर्शक

मिंग (१३६८–१६४४) किंवा छिंग (१६४४–१९१२) या राजघराण्यांच्या काळातल्या कुठल्याही चिनी बौद्ध मठाची हकिगत उघडा, गोष्ट जवळपास एकच सापडते. कधीकाळी मोठा असलेला मठ ओस पडलेला, भिंती ढासळलेल्या, आवारात गवत माजलेलं. मग एक तपस्वी भिक्षू येतो, झोपडी बांधून राहतो, लोक आपणहून दान देऊ लागतात आणि काही वर्षांत बुद्धमंदिर पुन्हा उभं राहतं. वाचणारा भारावतो आणि तिथेच फसतो. ही हकिगत खोटी नसते, पण ती एका ठरलेल्या साच्यात लिहिलेली असते, आणि तो साचा भक्तीपेक्षा कायद्याने घडवलेला असतो. परवानगी कुणाची, पैसा कुणाचा, जमीन आधी कुणाच्या ताब्यात होती आणि लेखाखाली साल कुणाच्या नावाने घातलंय, हे चार प्रश्न घेऊन बसलं की त्याच कागदातून सोळाव्या शतकाच्या अखेरीचं सगळं राजकारण बाहेर पडतं.

आधी काय गोळा करायचं

एका वेळी एकच मठ घ्या. त्याचा स्थलग्रंथ, म्हणजे इमारती, मठाधिपती, जमिनी, शिलालेख आणि कविता एकत्र केलेलं मठाचं स्वतःचं दप्तर, हा पाया. त्याच्या जोडीला जीर्णोद्धार करणाऱ्या भिक्षूचा लेखसंग्रह, त्याच्या समाधिस्तूपावरचा लेख आणि त्या जिल्ह्याचा सरकारी स्थलग्रंथ हवाच. शेवटचा हमखास विसरला जातो. मठ स्वतःबद्दल काय सांगतो आणि जिल्हाधिकाऱ्याचं दप्तर त्याच मठाबद्दल किती ओळी खर्च करतं, यातला फरकच पुष्कळ बोलतो.

मूळ पाठ आता घरबसल्या मिळतात. तैवानच्या सीबेटा या संगणकीय त्रिपिटकात क्रमांकाआधीचं रोमन अक्षर संग्रह सांगतं: टी म्हणजे जपानी ताइशो आवृत्ती, एक्स म्हणजे पुरवणी त्रिपिटक, जे म्हणजे ज्याशिंग त्रिपिटक, तर जीए आणि जीबी म्हणजे मठांचे स्थलग्रंथ. हानशान देछिंग (१५४६–१६२३) याचा लेखसंग्रह एक्स ७३ मध्ये १४५६ क्रमांकावर आहे, झिबो झेनके याचा त्याच खंडात १४५२ वर. युनछी झूहोंग (१५३५–१६१५) याचं समग्र लेखन जे ३३ मध्ये बी २७७ वर. मिंग अखेरच्या पुनरुज्जीवनातल्या चार मोठ्या भिक्षूंपैकी हे तिघे. चौथा औयी झीशू (१५९९–१६५५).

अभिजात चिनी वाचता येत नसेल तर पूर्ण लेखाचा नाद सुरुवातीला सोडा. साल, महिना, पद, आडनाव, रक्कम आणि क्षेत्रफळ दाखवणारी दीड-दोनशे चिन्हं ओळखता आली तरी दानयादी आणि जमीनयादी उलगडते. यंत्राचं भाषांतर इथे जपून वापरा. ते भिक्षूच्या नावाचा शब्दशः अर्थ करून टाकतं आणि माणूसच वाक्यातून नाहीसा होतो.

सालाचा हिशोब

तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून पहिलं काम हेच. राजवटीच्या सालात ठरावीक आकडा मिळवायचा: होंगवू १३६७, ज्याजिंग १५२१, वानली १५७२, चोंगझेन १६२७, शुनझी १६४३, खांगशी १६६१, योंगझेंग १७२२, छ्यानलोंग १७३५, ग्वांगशू १८७४. वानली १७ म्हणजे १५८९, ग्वांगशू २४ म्हणजे १८९८. सम्राट वर्षाच्या मध्यात वारला तरी नवं साल सहसा पुढच्या चिनी वर्षारंभापासून मोजतात.

शके वरून इसवी काढताना पौष-माघात जी चूक होते तीच इथेही होते. चिनी बारावा महिना बऱ्याचदा पुढच्या इसवी सालात जातो. झेनके वानली ३१ च्या बाराव्या महिन्यात तुरुंगात वारला. पुष्कळ ठिकाणी १६०३ छापलेलं दिसतं, प्रत्यक्षात तो जानेवारी १६०४ आहे. अकराव्या-बाराव्या महिन्याची नोंद दिसली की आकडेमोडीवर विसंबू नका, तारीख-रूपांतराच्या कोष्टकात घाला.

साठ वर्षांचं चक्र आपल्याला प्रभव-विभवामुळे परकं नाही, पण दोन्हींची गल्लत नको. आपला प्रभव १९८७ साली आला, चिनी चक्राचा आरंभ १९८४ चा. त्यांची साठी १५६४, १६२४, १६८४ अशी मागे-पुढे मोजायची. वयाचंही तसंच: जन्मतः एक आणि दर नववर्षाला एक. झूहोंगचं वय समाधिलेखात ८१ आहे, ते १५३५ ते १६१५ याच हिशोबाने. त्याच ओळीत दुसरा आकडा असतो तो भिक्षुवर्षांचा, वर्षावासांवरून मोजलेला. झूहोंगचा तो ५० आहे; १५६६ मध्ये त्याने घर सोडलं त्याच्याशी तो जुळतो. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर लेख नंतर कुणीतरी नकललेला आहे असं धरून चाला.

एका माणसाची चार नावं

झूहोंग हाच फोहुई, हाच ल्यान्छी आणि हाच युनछी. झेनके हाच दाग्वान आणि झिबो. देछिंग हाच चेंगयिन आणि हानशान. शोध घेताना सगळी नावं टाका, नाहीतर निम्मे उल्लेख हातून जातील. गृहस्थांचं आणखी अवघड, कारण त्यांना बऱ्याचदा आडनाव आणि पद एवढ्यावरच हाक मारलेली असते: मंत्री लू, परीक्षक फंग. तेव्हा साल आणि जिल्हा धरून त्या पदावर तेव्हा कोण होतं ते सरकारी स्थलग्रंथाच्या अधिकारी-यादीत शोधायचं.

छान, म्हणजे जपानीत झेन म्हणतात त्या ध्यानपरंपरेतल्या भिक्षूंच्या धर्मनावातलं (जोडनावातल्या दुसऱ्या शब्दातलं) पहिलं अक्षर पिढी सांगतं. छानमधल्या लिंजी परंपरेच्या एका शाखेत युआन, थोंग, शिंग असा क्रम आहे: थ्यानयिन युआनशिऊ, त्याचा शिष्य युलिन थोंगशिऊ, त्याचा शिष्य माओशी शिंगसेन. मठाधिपतींच्या यादीत हा क्रम मध्येच तुटून वेगळं अक्षर आलं तर मठ दुसऱ्या शाखेच्या हातात गेला असण्याची शक्यता मोठी. नेमकी त्याच सुमाराची दानयादी आणि जमिनीचे वाद तपासा.

परवानगी: ‘पुन्हा बांधला’ असंच का लिहितात

मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग तरुणपणी स्वतः मठात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू होता, त्यामुळे मठात काय चालतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने राजधानीत भिक्षूंचं नोंदणी कार्यालय उभं केलं आणि खाली प्रांत, उपप्रांत, जिल्हा अशी उतरंड लावली. १३९१ मध्ये मठ एकत्र करण्याचा हुकूम निघाला. मोठ्या प्रांतात ४०, त्याखालच्या विभागात ३०, जिल्ह्यात २० यापेक्षा जास्त भिक्षू नकोत. पुरुष चाळिशीच्या आत आणि बाई पन्नाशीच्या आत घर सोडू शकत नाही. मिंग कायद्यात नवा मठ परवानगीशिवाय बांधणाऱ्याला जाड काठीचे १०० फटके, भिक्षूची चीवरं उतरवून दूरच्या सीमेवर लष्करी चाकरीला पाठवणी.

आता तो पडका मठ आणि माजलेलं गवत पुन्हा वाचा. नवा मठ बांधणं गुन्हा, जुना दुरुस्त करणं पुण्य. साहजिकच प्रत्येक नवा मठ कुठल्यातरी थांग किंवा सोंग या जुन्या राजवटींच्या काळातल्या मठाचा वारस निघतो. त्यामुळे लेखात तीन क्रियापदं वेगळी काढा: छ्वांगज्यान म्हणजे नव्याने स्थापणं, चोंगज्यान म्हणजे पुन्हा बांधणं, चोंगशिऊ म्हणजे डागडुजी. चोंगज्यान लिहिलं असेल तर आधीचा मठ त्याच जागी होता याचा मठाबाहेरचा पुरावा मागा. जिल्ह्याच्या जुन्या स्थलग्रंथात नाव नसेल तर वारसा कागदावरचा समजा. भिक्षूंच्या आकड्यालाही हीच कसोटी. हुकमात २० आणि मठाच्या लेखात ‘हजार भिक्षूंचा संघ’ असेल तर दोन्ही आकडे बाजूला ठेवा आणि भातशेती किती होती ते बघा. धान्यावरून तोंडं मोजता येतात.

पैसा: पोथीच्या शेवटची चौकट

या काळातल्या दानाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा ज्याशिंग त्रिपिटकात आहे. झेनके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १५८९ मध्ये वुताई पर्वतावर त्याचं कोरीव काम सुरू केलं. तिथल्या थंडीमुळे आणि अंतरामुळे १५९३ मध्ये काम झेजियांगमधल्या जिंगशानला हललं, आणि छापील प्रती ज्याशिंग शहरातल्या लेंगयान मठातून विकल्या जाऊ लागल्या. हे त्रिपिटक दरबाराने नव्हे, खाजगी वर्गणीने उभं केलं. घडीच्या लांब पोथ्यांऐवजी दोऱ्याने शिवलेली पुस्तकं काढली, म्हणजे कागद कमी, जागा कमी, किंमत कमी.

कुठलाही एक खंड उघडून थेट शेवटच्या पानावर जा. तिथे एक चौकट असते. ओळीने येतं ते असं: दात्याचा जिल्हा आणि नाव, दान कशासाठी (बहुतेकदा आईवडिलांच्या सद्गतीसाठी किंवा मुलासाठी), तपासणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, कोरणाऱ्याचं नाव, एकूण अक्षरं, लागलेली चांदी, साल-महिना आणि कुठल्या आश्रमात काम झालं ते. सगळ्या खंडांत सगळं असेलच असं नाही, पण एवढं जिथे असतं तिथे एका पुस्तकाचा पूर्ण ताळेबंद हातात येतो.

हिशोब असा करा. अर्ध्या पानावर १० ओळी, ओळीत २० अक्षरं. म्हणजे दुमडलेल्या पूर्ण पानावर जास्तीत जास्त ४००. समजा चौकटीत ८,००० अक्षरं लिहिली आहेत, तर किमान २० पानं हवीत. गाथा आणि शीर्षकं जागा खातात म्हणून प्रत्यक्षात जास्तच भरतात. तुमच्या प्रतीत त्याहून कमी पानं असतील तर प्रत अपुरी आहे, किंवा चौकट दुसऱ्या खंडाची इथे चिकटली आहे. चांदीची मापं: १ ल्यांग म्हणजे १० छ्यान, म्हणजे १०० फेन, एक ल्यांग साधारण सव्वातीन तोळे. रक्कम भागिले अक्षरं करून दर शंभर अक्षरांचा दर काढा आणि तो साल-ठिकाणावार मांडा. दर अचानक चढला तर कारागिरांची टंचाई, धान्याचे भाव किंवा गडबडीचा काळ, यांपैकी काहीतरी सापडतं.

मग दाते बघा. पिंगहूचा लू ग्वांगझू (१५२१–१५९७) मंत्रिपदापर्यंत गेलेला, फंग मेंगझेन विद्वान अधिकारी. दोघेही या त्रिपिटकाचे आधारस्तंभ. अशा लोकांना मठ का हवा होता? परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची संख्या सरकारी जागांच्या कितीतरी पुढे गेली होती. पदवी आहे, पैसा आहे, पण नोकरी नाही, किंवा दरबारातली भांडणं नकोशी होऊन घरी परतलेले. गावातला मान दाखवायला सरकारी कचेरीबाहेरची जागा हवी होती, ती मठाने दिली. श्रद्धा होतीच, ती खोटी ठरवण्याची घाई करू नये. पण शिलालेखात नावांचा क्रम पदानुसार लागतो तेव्हा तो त्या जिल्ह्यातल्या मानपानाचा क्रमही असतोच. बायकांची नावं सासर-माहेरच्या आडनावांनीच येतात; त्या वेगळ्या मोजा, कारण प्रस्तावनेत त्या कधीच नसतात.

शिळेची मागची बाजू विसरू नका. दात्यांची यादी बहुतेकदा तिथे असते, आणि ठसे घेणारे पुष्कळदा फक्त सुबक अक्षरांची पुढची बाजू घेऊन जातात. स्थलग्रंथात लेख नकलताना यादी गाळून पुढचा मजकूर तेवढा ठेवलेला असतो. जमिनीच्या यादीत क्षेत्र मू मध्ये येतं. एक मू साधारण सहा गुंठे. चतुःसीमा दिल्या असतील तर शेजारच्या जमीनमालकांची आडनावं दानयादीशी ताडून बघा.

एक खटला, सगळे प्रश्न एकदम

देछिंगचं प्रकरण सरावासाठी उत्तम. १५८१ च्या हिवाळ्यात वुताईवर मोठी प्रार्थनासभा झाली, तिला वानली सम्राटाची आई, राजमाता त्सिशेंग, हिचा आश्रय होता. देछिंगने त्यात राजपुत्रासाठी प्रार्थना धरली. १५८२ मध्ये सम्राटाचा थोरला मुलगा झू छांगलुओ जन्मला. पुढे वानली सम्राटाला आवडत्या राणीचा, झेंगचा मुलगा वारस हवा होता, तर राजमाता आणि बरेच अधिकारी थोरल्याच्या बाजूने. म्हणजे जी प्रार्थना आधी राजनिष्ठा होती ती नंतर गटबाजी ठरली. देछिंग शानतोंगमधल्या लाओशानला गेला, तिथे राजमातेच्या मदतीने हाइयिन मठ उभा राहिला, आणि जागा आमची म्हणत ताओपंथीयांनी तक्रारी केल्या.

१५९५ मध्ये त्याला पकडलं. आरोप काय? परवानगीशिवाय मठ बांधला. शिक्षा काय? चीवर उतरवून दक्षिणेच्या टोकाला लेइझोऊला लष्करी चाकरी. वरचं कायद्याचं कलम इथे जसंच्या तसं लागू झालेलं दिसेल. चौकशीत मात्र राजमातेने किती पैसा दिला यावरच भर होता. आरोपपत्र आणि चौकशीचे प्रश्न वेगवेगळ्या दिशेला जात असतील तर खरं कारण प्रश्नांमध्ये शोधायचं, ही या प्रकरणाची शिकवण. हद्दपारीतच त्याने छाओशीचा नानह्वा मठ, छान परंपरेतल्या सहाव्या आचार्याचं स्थान, सावरायला घेतला. त्याचे तिथले लेख वाचताना लक्षात ठेवा की लिहिणारा कायद्याने अजून शिपाई आहे.

झेनके याने तर राजकारण उघड बोलून दाखवलं. तीन ओझी आपल्यावर आहेत असं तो म्हणे: देछिंग परतलेला नाही, खाणकर थांबलेला नाही, आणि आचार्यपरंपरेचा इतिहास पुढे लिहिला गेलेला नाही. सम्राटाने पाठवलेले खोजे खाणकराच्या नावाखाली प्रांतोप्रांती वसुली करत होते, त्याच्याविरुद्ध भिक्षू बोलत होता. १६०३ मध्ये वारसाच्या वादावरचं निनावी पत्रक राजधानीत फिरलं, धरपकड झाली, त्यात तोही सापडला. त्याच्या चरित्रात मृत्यू शांत समाधीसारखा रंगवलेला असतो. त्या पानाशेजारी राजदरबाराचा इतिहास उघडून ठेवा.

१६४४ नंतर: साल न घालणारे लोक

ईशान्येकडचे मांचू आले, त्यांचं छिंग राज्य सुरू झालं, आणि १६४५ मध्ये पुरुषांनी कपाळावरचे केस काढून शेंडीची वेणी घालावी असा हुकूम निघाला. भिक्षूचं डोकं पूर्ण मुंडलेलं, त्यामुळे त्याला वेणीचा प्रश्नच नाही. फांग यिझी (१६११–१६७१) सारखा विद्वान अधिकारी भिक्षू झाला तो या वाऱ्यात. या काळातली पहिली तपासणी: लेखाखाली शुनझी किंवा खांगशी असं राजवटीचं नाव आहे, की नुसतं जियाशेन, यियोऊ असं साठ वर्षांच्या चक्रातलं? नुसतं चक्रवर्ष हे पुष्कळदा नव्या राज्याला मान्यता न देण्याची पद्धत. पुष्कळदा म्हणतोय, नेहमी नाही. कवी आणि चित्रकार एरवीही तसंच लिहीत. एकाच माणसाचे १६४४ आधीचे लेख काढून सवय तपासली की उत्तर मिळतं. योंगली हे दक्षिणेत पळालेल्या मिंग दरबाराचं साल दिसलं तर शंकाच नको.

दुसऱ्या टोकाला मुचेन दाओमिन (१५९६–१६७४). १६५९ मध्ये शुनझीच्या बोलावण्यावरून तो दरबारी गेला, पदवी घेऊन आला, आणि मिंगनिष्ठांच्या टीकेचा धनी झाला.

मग १७३३. योंगझेंग सम्राट स्वतःला छानचा जाणकार समजे. सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या वादात, म्हणजे लिंजी आचार्य मियुन युआनवू विरुद्ध त्याचाच शिष्य हानयुए फाझांग (१५७३–१६३५), त्याने उडी घेतली, फाझांगच्या परंपरेला पाखंडी ठरवलं आणि लिंजी वंशावळीतून काढायला लावलं. त्याचे व त्याचा शिष्य होंगरेन याचे ग्रंथ नष्ट करायचा हुकूम सोडला. त्या परंपरेत बरेच मिंगनिष्ठ आसरा घेऊन होते हे विसरून हा वाद नुसता तत्त्वज्ञानाचा म्हणून वाचणं ही मोठी चूक. म्हणून स्थलग्रंथाच्या दोन आवृत्त्या मिळवा, एक १७३३ आधीची, एक नंतरची, आणि मठाधिपतींच्या याद्या शेजारी ठेवा. मधली नावं गळलेली असतील, पण बांधकामाच्या नोंदीत त्यांची वर्षं तशीच राहिलेली सापडतात.

तिबेटी परंपरेचं राजकारण वेगळ्या हाताने लिहिलंय, ते थोडक्यात: बीजिंगच्या योंगहगोंग या लामा मठातली १७९२ ची शिळा मांचू, चिनी, मंगोल आणि तिबेटी अशा चार भाषांत आहे. पीतपंथाला, म्हणजे दलाई लामांच्या गेलुग पंथाला आश्रय का, तर मंगोल शांत राहावेत म्हणून, हे छ्यानलोंगने तिथे स्वतःच सांगितलंय. पुढच्याच वर्षी लामांच्या निवडीसाठी सुवर्णकलशातून नावाची चिठ्ठी काढण्याची पद्धत आली.

शेवटचं अर्धशतक

छिंग राज्याविरुद्धच्या थाइफिंग बंडात (१८५०–१८६४) यांग्त्सेच्या खालच्या खोऱ्यातले मठ आणि छपाईचे ठसे बेचिराख झाले. यांग वेनहुई (१८३७–१९११) या गृहस्थाने १८६६ मध्ये नानजिंगला ग्रंथमुद्रणालय सुरू केलं. चीनमधून नाहीसे झालेले शेकडो ग्रंथ जपानी विद्वान नानजो बुन्यूच्या मदतीने परत आणले. इथून पुनरुज्जीवनाची सूत्रं भिक्षूंकडून गृहस्थांकडे सरकतात. त्याचा शिष्य तान सीतोंग १८९८ च्या सुधारणांत मारला गेला. त्याच वर्षी झांग झीदोंग या बड्या छिंग अधिकाऱ्याने सुचवलं की दर जिल्ह्यातल्या दहापैकी सात मठांच्या शाळा कराव्यात आणि उत्पन्नाचेही तसेच वाटे पाडावेत. त्यानंतर मठांनी अचानक शाळा काढल्या, संघटना स्थापल्या, काहींनी जपानी पंथाचं छत्र घेतलं. १८९८ नंतरच्या ‘शिक्षणप्रेमी’ मठाच्या प्रत्येक कागदावर आधी जमिनीचा हिशोब मागावा.

मराठी वाचकाला इथे एक दुवा अनपेक्षित भेटतो. क्रांतिकारक विद्वान झांग थाइयान शांघायच्या तुरुंगात (१९०३–१९०६) बौद्धांच्या योगाचार पंथाचे ग्रंथ वाचून बौद्ध विचाराकडे वळला, सुटून तोक्योला गेला, आणि १९०७ मध्ये तिथल्या भारतीयांनी भरवलेल्या शिवाजी महाराजांच्या स्मृतिसभेला हजर राहून मिनबाओ या पत्रात त्यावर लिहिलं. परकी सत्ता आणि गेलेलं राज्य हा त्याच्या मनातला धागा मांचूंविरोधातला होता. त्या लेखासाठी मिनबाओचा तेरावा अंक पाहावा.

नोंदी कशा ठेवायच्या

एका मठाला एक तक्ता: इसवी साल, मूळ साल, घटना, परवानगी देणारा, पैसे देणारा, रक्कम, जमीन, आणि ही माहिती कुठल्या कागदातून. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. दोन कागद भांडले तर नावं आणि रकमांसाठी शिळा मोठी, कारण ती गावासमोर उभी होती. प्रसंगाच्या तपशिलासाठी समकालीन पत्रं. वंशावळीसाठी १७३३ आधीचा कागद. स्तूपलेख शिष्यांनी पैसे देऊन लिहवून घेतलेला असतो, म्हणून त्यातून तारखा घ्या, स्तुती सोडा. आणि ‘सम्राटाने नाव बहाल केलं’ अशी नोंद असेल तर फलक कुठल्या सालचा, तो अजून आहे की नुसता सांगोवांगी, हे तपासल्याशिवाय परवानगीच्या रकान्यात काही भरू नका.